विहिरीत उतरणारे नायट्रेट

केंद्रीय भूजल मंडळाने 2024 च्या अखेरीस देशातल्या भूजलाच्या गुणवत्तेचा वार्षिक अहवाल प्रसिद्ध केला. पाण्यातल्या नायट्रेटमुळे ज्यांची स्थिती सर्वांत चिंताजनक आहे असे पंधरा जिल्हे त्यात नावानिशी दिले आहेत. त्यांतले सात आपल्या महाराष्ट्रातले आहेत : वर्धा, बुलढाणा, अमरावती, नांदेड, बीड, जळगाव आणि यवतमाळ. राज्यातून तपासलेल्या नमुन्यांपैकी जवळजवळ 36 टक्के नमुन्यांत नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त निघाले. देशाचा आकडा 20 टक्क्यांच्या घरात आहे. यादीत आपला जिल्हा नाही म्हणून कोणी निश्चिंत राहू नये. नायट्रेटचे प्रमाण विहिरीगणिक बदलते. एकाच शिवारातल्या, हाकेच्या अंतरावरच्या दोन विहिरींपैकी एक पिण्याजोगी आणि दुसरी मर्यादेच्या दुप्पट, असे सहज घडते.

ज्यांच्या घरात विहिरीचे, बोअरचे किंवा हातपंपाचे पाणी प्यायले जाते त्यांच्यासाठी हा लेख आहे. पाणी तपासायचे कसे, आपली विहीर किती धोक्यात आहे ते ओळखायचे कसे आणि काय केले म्हणजे आकडा खाली येतो, हे त्यात सांगितले आहे. घरात यंत्र बसवून हा प्रश्न तात्पुरता झाकता येतो. तो सुटतो मात्र विहिरीच्या वरच्या अंगाला, उकिरड्याच्या जागेत आणि खताच्या वेळापत्रकात.

आधी तान्ह्या मुलाचे पाणी वेगळे करा

खारपाणपट्ट्यातल्या माणसाला खारे पाणी जिभेवर कळते. गढूळ पाणी डोळ्यांना दिसते. नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही. मर्यादेच्या तिप्पट नायट्रेट असलेले पाणीही काचेसारखे नितळ आणि गोड लागू शकते, आणि म्हणूनच पिढ्यान् पिढ्या चांगल्या पाण्याची म्हणून नावाजलेली विहीर तपासायचे कोणाच्या मनात येत नाही.

भारतीय मानक ब्युरोच्या 10500 क्रमांकाच्या मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला जास्तीत जास्त 45 मिलिग्रॅम नायट्रेट चालते. याच मानकात कितीतरी घटकांना, गावात दुसरा स्रोतच नसेल तर, थोडी सैल मर्यादा दिली आहे. नायट्रेटला तशी सवलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 50 आहे. या मर्यादा ठरल्या त्या तान्ह्या मुलांकडे पाहून. 1945 मध्ये हंटर कॉम्ली या अमेरिकी डॉक्टरांनी आयोवा राज्यातल्या शेतवस्त्यांवरची निळी पडलेली बाळे तपासली, आणि त्यांच्या दुधात मिसळल्या जाणाऱ्या विहिरीच्या पाण्यात नायट्रेट भरपूर असल्याचे दाखवून दिले. बाळाच्या पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते, ते रक्तातल्या हिमोग्लोबिनचे रूप बदलते आणि मग रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. ओठ, नखे, हातापायांची बोटे निळसर दिसू लागतात, बाळ मलूल होते, रक्त चॉकलेटी रंगाचे दिसते. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला हा धोका सर्वांत जास्त, कारण बिघडलेले हिमोग्लोबिन पुन्हा पूर्ववत करणारी यंत्रणा त्याच्या शरीरात अजून पुरती तयार झालेली नसते.

आपल्याकडे यात एक घोटाळा होतो. बाळासाठी म्हणून पाणी मुद्दाम खूप वेळ उकळले जाते आणि वरच्या दुधात किंवा पावडरच्या दुधात ते घातले जाते. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण नायट्रेट उडून जात नाही. पाणी आटते आणि नायट्रेट तेवढेच राहते, म्हणजे लिटरमागे त्याचे प्रमाण उलट वाढते. तुरटी, क्लोरीन, मेडिक्लोर, कँडलचा फिल्टर, कापडाची गाळणी, अतिनील किरणांचे यंत्र, यांतल्या एकाही उपायाने नायट्रेट कमी होत नाही. तेव्हा विहिरीचा अहवाल हाती येईपर्यंत बाळाच्या दुधासाठी तपासलेल्या स्रोताचे पाणी वापरा. आईचे दूध सुरू असेल तर उत्तमच. आईच्या पाण्यातले नायट्रेट तिच्या दुधात फारसे उतरत नाही, आणि सहा महिने बाळाला वरून पाणी द्यायची गरजही नसते. गरोदर बाईनेही अशा पाण्यापासून दूर राहावे. बाळ निळे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात न्या आणि बाळाला विहिरीचे पाणी दिले होते हे डॉक्टरांना आपणहून सांगा. यावर उपचार आहे आणि तो लवकर गुण देतो.

मोठ्या माणसांच्या बाबतीत थायरॉइडचे विकार आणि मोठ्या आतड्याचा कर्करोग यांच्याशी नायट्रेटचा संबंध दाखवणारे अभ्यास झाले आहेत. डेन्मार्कमध्ये 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात मर्यादेच्या बऱ्याच आतल्या प्रमाणातही या कर्करोगाशी संबंध आढळला. तो पुरावा अजून पूर्ण पक्का मानला जात नाही. पण वर्षानुवर्षे 80-100 आकड्याचे पाणी पिणाऱ्याने तो पक्का होण्याची वाट पाहावी, असे मी म्हणणार नाही.

नमुना कसा घ्यायचा, अहवाल कसा वाचायचा

तपासणीची सोय फार लांब नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आणि उपविभागात आहेत. खासगी विहिरीचा नमुनाही तिथे माफक शुल्कात तपासून मिळतो. जल जीवन मिशनमधून अनेक ग्रामपंचायतींना पाणी तपासायचे संच मिळाले आहेत आणि गावातल्या महिलांना ते वापरायचे प्रशिक्षणही दिलेले आहे. संचात पाण्याला येणाऱ्या गुलाबी रंगाच्या छटेवरून अंदाज बांधता येतो. तो अंदाजच समजावा. रंग गडद आला तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावाच.

बाटली लिटरभराची, स्वच्छ प्लास्टिकची घ्या. खताची, औषधाची, तेलाची बाटली कितीही धुतली तरी नको. बोअर किंवा मोटार असेल तर ती पाच-दहा मिनिटे चालू द्या, म्हणजे पाइपातले साचलेले पाणी निघून जाईल. त्याच पाण्याने बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा, बूच घट्ट लावा. बाटलीवर गाव, विहिरीची खूण, तारीख आणि वेळ लिहा. बर्फाच्या डब्यात ठेवून शक्यतो त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी पोचवा. उन्हात तापलेल्या बाटलीत जंतू नायट्रेट खाऊन टाकतात आणि आकडा खोटा कमी येतो.

वर्षातून दोनदा तपासा : एकदा मे महिन्यात आणि एकदा पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. एका आकड्यावरून फारसे कळत नाही. पावसाळ्यानंतर आकडा उसळत असेल तर वरून धुऊन आलेले नत्र थेट विहिरीत उतरते आहे. बारा महिने तो वरच राहत असेल तर खडकातला साठाच भरला आहे.

अहवाल वाचताना एक चूक हमखास होते. काही प्रयोगशाळा आकडा ‘नायट्रेट’ म्हणून देतात, काही ‘नायट्रेट-नायट्रोजन’ म्हणून. पहिल्या पद्धतीत मर्यादा 45 आहे, दुसऱ्या पद्धतीत तीच मर्यादा साधारण 10 होते, कारण एक किलो नत्रापासून 4.43 किलो नायट्रेट बनते. नायट्रेट-नायट्रोजन 18 आले म्हणजे नायट्रेट 80 आहे. ‘45 च्या आत आहे’ म्हणून असा कागद खिशात घालून घरी येऊ नका. आकड्यापुढे काय लिहिले आहे ते पाहा, आणि कळले नाही तर तिथल्या तिथे विचारा.

नायट्रेटच्या शेजारचा क्लोराइडचा आकडाही बघून ठेवा. नायट्रेट आणि क्लोराइड दोन्ही चढे असतील, वर पाण्यात विष्ठेतले जंतूही सापडले असतील, तर बोट शौचालयाकडे, गोठ्याकडे, गटाराकडे जाते. नायट्रेट चढे आणि क्लोराइड कमी असेल तर रासायनिक खताचा संशय घ्यावा. ही ढोबळ खूण आहे. पोटॅशच्या खतातही क्लोराइड असते आणि खारपाणपट्ट्यात तर ते मुळातच जास्त. तरी झाडाझडती कुठून सुरू करायची ते यावरून ठरते.

आपली विहीर किती उघडी आहे

सारखेच खत, सारखीच वस्ती, तरी एक विहीर बिघडते आणि दुसरी शाबूत राहते. असे का, याचा हिशेब मांडायची एक रीत अमेरिकेत 1987 साली पक्की झाली. तिचे नाव ड्रास्टिक. जमिनीवरचे प्रदूषण भूजलापर्यंत किती सहज पोचेल हे तीत सात गोष्टींवरून ठरवतात आणि प्रत्येक गोष्टीला कमीजास्त वजन देतात : पाण्याची खोली 5, मधल्या कोरड्या थराचा प्रकार 5, मुरणारे पाणी 4, पाणी धरणारा खडक 3, त्या खडकातून पाणी वाहण्याची क्षमता 3, माती 2 आणि उतार 1. तज्ज्ञ यावरून तालुक्याचे, खोऱ्याचे नकाशे काढतात. आपल्याला नकाशा काढायचा नाही. पण याच सात गोष्टी डोळ्यांपुढे ठेवून विहिरीभोवती एक फेरी मारली तर पुष्कळ काही उमगते.

पाण्याची खोली आधी बघा. पावसाळ्यात विहिरीत वाकून हाताने पाणी घेता येते का? मग वरून आलेल्या थेंबाला गाळून निघायला जागाच उरत नाही. पाणी जितके खोल तितकी वाट लांब, आणि वाटेत नत्राचा काही भाग जिरण्याची शक्यता जास्त.

मग विहिरीच्या भिंतीचा छेद बघा. बांधकाम नसलेल्या विहिरीत तो उघडाच दिसतो : वर माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, मध्ये कुठे लाल गेरूचा पट्टा. मुरुमाचा थर जाड असेल, कठड्याखालून ओल पाझरत असेल, भिंतीतल्या भेगांतून पावसाळ्यात झरे फुटत असतील, तर तुमची विहीर भरते चटकन आणि बिघडतेही चटकन. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून जास्त भाग या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा आहे. अखंड बेसॉल्टमध्ये पाणी शिरत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून आणि झिजलेल्या थरातून वाहते. वाळूच्या थरातून पाणी हळूहळू गाळत उतरते, भेगेतून ते धावते. म्हणूनच ड्रास्टिकच्या हिशेबात भेगाळ बेसॉल्टला दहापैकी नऊच्या आसपास गुण देतात. त्याच्या पुढे बहुधा पोकळ चुनखडीच असते.

मातीच्या बाबतीत आपली मोठी फसगत होते. काळी चिकण जमीन पाणी धरून ठेवते, तेव्हा तिच्याखालची विहीर सुरक्षित, असा समज सर्वत्र आहे. ओली असताना तो खराही आहे. पण एप्रिल-मेमध्ये कपाशीच्या रिकाम्या रानात जाऊन पाहा. हात कोपरापर्यंत जाईल अशा भेगा पडलेल्या असतात. जूनमधला पहिला मोठा पाऊस मातीत मुरत बसत नाही. तो या भेगांतून सरळ खाली मुरुमात उतरतो आणि वर्षभर वरच्या थरात साठलेले नायट्रेट सोबत घेऊन जातो. ड्रास्टिकमध्ये न फुगणाऱ्या चिकणमातीला दहापैकी एक गुण आहे आणि भेगाळणाऱ्या चिकणमातीला सात. आपली काळी जमीन दुसऱ्या प्रकारातली.

मातीबद्दल आणखी एक गोष्ट. मातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो. अमोनियम धन भाराचे, म्हणून ते कणांना चिकटून राहते. नायट्रेट ऋण भाराचे, ते चिकटत नाही. पाणी जिथे जाईल तिथे ते जाते. युरिया टाकल्यावर काही दिवसांत त्याचे अमोनियम होते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत बहुतेक अमोनियमचे नायट्रेट. एवढ्या वेळात पिकाने जे उचलले ते पिकाचे. उरलेले पुढच्या पाण्याबरोबर खाली जाते.

तापी-पूर्णेच्या गाळाच्या पट्ट्यातली, म्हणजे जळगाव, बुलढाणा, अकोला, अमरावती भागातली गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे गाळाचे थर जाड आहेत आणि पाणी खोल. नायट्रेट पोचायला वेळ लागतो, पण एकदा पोचले की हटायलाही तितकाच वेळ लागतो.

बोअर खोल आहे म्हणजे निर्धास्त, असेही समजू नका. बोअर घेताना केसिंग पाइप मुरूम संपेपर्यंत घालतात. पाइपाच्या बाहेरची पोकळी सिमेंटने भरली नाही, तर वरचे घाण पाणी त्या फटीतून सरळ खाली उतरते आणि दोनशे फूट खोलीचा काही उपयोग राहत नाही. नवे बोअर घेणाऱ्याने ही पोकळी भरून घेतल्याशिवाय पैसे चुकते करू नयेत.

गावठाणातले नत्र

नायट्रेट म्हटले की सगळे बोट युरियाकडे दाखवतात. गावठाणातल्या विहिरींच्या बाबतीत ते बऱ्याचदा अन्यायाचे ठरते. एका माणसाच्या शरीरातून वर्षाला साधारण चार किलो नत्र बाहेर पडते, त्यातला मोठा भाग लघवीतून. पाच माणसांच्या घराचे वर्षाचे वीस किलो झाले. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत नत्र असते 20.7 किलो. म्हणजे दोनशे घरांच्या गावात दरवर्षी दोनशे गोण्यांएवढे नत्र शौचालयांतून जमिनीत जाते, आणि तेही शिवारभर पसरून जात नाही, गावठाणाच्या काही एकरांत जाते. जनावरांचे मूत्र आणि उकिरड्याचा निचरा यांचा हिशेब याच्या वर.

शौचालये बांधली गेली हे फार चांगले झाले. पण शोषखड्ड्याची जागा ठरवताना विहीर कुठे आहे हे अनेक ठिकाणी कोणी पाहिले नाही. सर्वसाधारण दंडक असा की विहीर आणि शोषखड्डा यांत किमान 15 मीटर, म्हणजे 50 फूट अंतर असावे. हा आकडा जंतू मरावेत म्हणून धरलेला आहे. नायट्रेट त्या अंतरात मरत नाही, फक्त पातळ होते. भेगाळ खडकात आणखी अंतर ठेवा, आणि खड्डा विहिरीच्या खालच्या अंगाला घ्या. उथळ भूजल बहुधा जमिनीच्या उताराबरोबरच वाहते, त्यामुळे उतारावर खाली साठ फुटांवर असलेल्या खड्ड्यापेक्षा वरच्या अंगाला शंभर फुटांवर असलेला खड्डा जास्त घातक ठरू शकतो. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातली पाण्याची पातळी यांत दोन-तीन मीटर कोरडी जमीन राहिली पाहिजे. दोन खड्ड्यांचे शौचालय असेल तर एक भरल्यावर दुसरा वापरा, पहिला दीड-दोन वर्षे बंद ठेवा आणि तयार झालेले सोनखत शेतात न्या. खड्डा उपसला की तेवढे नत्र विहिरीच्या वाटेवरून उचलले गेले.

आंघोळीचे, भांड्यांचे सांडपाणी तुलनेने कमी दोषी आहे. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे घेऊन गटारे बंद केली, डास हटवले आणि ती कल्पना राज्यभर पोचली. ती चांगलीच आहे. फक्त त्या खड्ड्यात शौचालयाचे किंवा गोठ्याचे पाणी सोडू नका आणि खड्डा विहिरीला खेटून घेऊ नका.

उकिरडा मात्र हलवलाच पाहिजे. विहिरीच्या वरच्या अंगाला, उघड्या मुरमावर, वर्षानुवर्षे एकाच जागी असलेला उकिरडा पावसात जे काळे पाणी सोडतो त्यात नत्र ठासून भरलेले असते. तो खालच्या अंगाला न्या, तळाला चिकणमाती चोपून किंवा फरशी करून घ्या, पावसाळ्यात वर पाचट किंवा ताडपत्री टाका. गोठ्याला पक्की नाली करून मूत्र टाकीत धरा. ते पातळ करून पिकाला दिले तर खतही वाचते. विहिरीवर जनावरे बांधणे, धुणे, भांडी घासणे बंद करा. कठडा जमिनीपासून दोन-तीन फूट वर घ्या, भोवती उतार दिलेला ओटा बांधा, ओट्याचे पाणी नालीने लांब काढा.

कोरड्या पडलेल्या बोअरमध्ये सांडपाणी किंवा सेप्टिक टँकचे पाणी सोडण्याची युक्ती काही ठिकाणी चालते. हे आपल्याच आणि शेजाऱ्याच्या पाण्यात विष कालवणे आहे. मातीचा, मुरमाचा जो काही आधार होता तो सगळा ओलांडून घाण थेट भूजलात जाते. असे बोअर दिसले तर ग्रामसभेत विषय काढा आणि ते वरपर्यंत माती-सिमेंटने बुजवून घ्या. विहीर पुनर्भरण करतानाही हेच भान ठेवा. खत दिलेल्या रानातून वाहून आलेले पाणी वाळू-खडीच्या गाळणीतून विहिरीत सोडले तर गाळ अडतो, नायट्रेट अडत नाही. पिण्याच्या विहिरीचे पुनर्भरण छपराच्या पाण्याने करा, शेतातले पाणी शेततळ्यात किंवा चरात मुरू द्या.

ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या हिरव्या, पिवळ्या, लाल कार्डांबद्दलही सांगायला हवे. ही कार्डे स्रोताभोवतीची स्वच्छता, गळती, टीसीएल पावडरचा साठा अशा गोष्टी पाहून दिली जातात. त्यांचा रोख जंतूंवर आहे. गावाला हिरवे कार्ड मिळाले म्हणून पाण्यात नायट्रेट नाही असे होत नाही. रासायनिक तपासणीचा कागद वेगळा असतो. तो जलसुरक्षकाकडे मागा आणि पंचायतीच्या फलकावर लावायला सांगा.

शेतातले नत्र

आता युरिया. वीस फूट व्यासाची विहीर आणि तिच्यात तेरा फूट पाणी धरा. ते साधारण 1 लाख 16 हजार लिटर भरते. गोणीच्या फक्त दहाव्या हिश्शाचे, म्हणजे साडेचार किलो युरियाचे नत्र या पाण्यात नायट्रेट होऊन उतरले, तर आकडा लिटरला 80 वाढतो. विहीर बंद टाकी नसते, पाणी येते-जाते, हे मान्य. पण केवढ्याशा गळतीने केवढे होते ते यावरून ध्यानात यावे. आणि टाकलेल्या नत्रापैकी पिकाच्या अंगी लागते ते बहुधा निम्म्याहून कमी.

मुख्य गोष्ट वेळ. पाऊस येणार म्हणून आदल्या दिवशी युरिया फेकून मोकळे होणे आणि खत दिल्याबरोबर सरीभर मोकाट पाणी सोडणे, या दोन सवयी सुटल्या तरी अर्धे काम झाले. हवामानाचा अंदाज आता मोबाइलवर येतो. मोठ्या पावसाचा इशारा असेल तर खत दोन दिवस थांबवा. युरिया मातीआड करा, हलके पाणी द्या. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे, पण ती चार हप्त्यांत द्यायची आहे. दोनदाच ढीगभर टाकले तर शिफारस पाळली असे होत नाही. ठिबकवर तेच नत्र आठवड्याच्या हिशेबाने देता येते आणि मुळांच्या खाली फारसे जात नाही. कांद्याची मुळे जेमतेम वीतभर-हातभर खोल जातात आणि पाणी वरचेवर द्यावे लागते. मुरमाड रानातल्या कांद्याखालून म्हणूनच नत्र फार सुटते. अशा रानात कांद्यानंतर ज्वारीसारखे खोल मुळांचे पीक घ्या, ते खाली गेलेले नत्र पुन्हा वर आणते.

विहिरीतले नायट्रेट हे पिकाच्या दृष्टीने फुकटचे खत आहे, हे फार थोडे शेतकरी हिशेबात धरतात. अहवालात नायट्रेट 90 आले असेल तर त्याला 4.43 ने भागा. लिटरला सुमारे 20 मिलिग्रॅम नत्र, म्हणजे लाख लिटरला दोन किलो. एकरभर कपाशीला हंगामात दहा लाख लिटर पाणी दिले तर त्यातूनच 20 किलो नत्र गेले, म्हणजे युरियाची एक गोणी. मोकाट पाण्यावरच्या उसात तर हा आकडा शिफारशीच्या खताशी बरोबरी करू लागतो. पहिल्या वर्षी खताच्या मात्रेतून यातले निम्मे वजा करा, पीक बघा, कृषी सहायकाशी बोला आणि मग पुढचे ठरवा. खर्च वाचतो, आणि विहिरीतले नत्र पिकात जाऊन पाणी हळूहळू निवळते.

विहिरीच्या काठावर खताचा ड्रम आणि व्हेंचुरी असेल तर आज संध्याकाळीच जाऊन बघा. खत चालू असताना वीज गेली, मोटार थांबली, तर पाइपातले पाणी मागे वळते आणि ड्रममधले खत ओढत विहिरीत नेते. फूट व्हॉल्व्ह, ज्याला गावाकडे फुटबॉल म्हणतात, थोडा जरी गळका असला तरी हे घडते. व्हेंचुरीच्या अलीकडे, विहिरीच्या बाजूला, नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवा. त्याची किंमत खताच्या एखाद-दुसऱ्या गोणीइतकी. ड्रम काठावरून उचलून दूर ठेवा. खताच्या गोण्या विहिरीवर धुऊ नका.

यंत्र घ्यायचे का?

दुसरा स्रोत अजिबात नसेल तर घ्या. आरओ यंत्र नायट्रेट बऱ्यापैकी काढते, पण पडदा जुना झाला की काढेनासे होते आणि चवीवरून ते कळत नाही. यंत्रातून निघालेले पाणी वर्षातून एकदा तरी तपासा. गावातल्या पाणी एटीएमच्या चालकाकडेही नायट्रेटचा अहवाल मागा, नुसता टीडीएसचा आकडा पुरत नाही. यंत्रातून वाया जाणाऱ्या पाण्यात नायट्रेट दाटलेले असते. ते झाडांना द्या, विहिरीजवळ सोडू नका. दोन स्रोत असतील तर मिसळण्याचा स्वस्त मार्ग आहे : 80 आकड्याचे एक हंडा आणि 20 आकड्याचे दोन हंडे मिळून 40 चे पाणी होते. निम्मेनिम्मे मिसळले तर मात्र 50 होते, ते चालत नाही. आणि हा उपाय तान्ह्या बाळासाठी नाही.

हे सगळे केल्यावर फरक कधी दिसतो? उथळ बेसॉल्टच्या विहिरीत साठा थोडा असतो आणि दर पावसाळ्यात नवे पाणी येते, म्हणून वरचा स्रोत तोडला तर काही पावसाळ्यांत आकडा उतरायला लागू शकतो. ज्या भेगाळपणामुळे आपली विहीर लवकर बिघडते, तोच इथे उपयोगी पडतो. गाळाच्या खोल पट्ट्यात धीर जास्त लागेल. म्हणून दर वर्षीचे दोन्ही आकडे एका वहीत तारखेनिशी लिहीत जा. त्याखेरीज आपण केलेल्या कामाचा उपयोग झाला की नाही हे कळायला मार्ग नाही.

येत्या मे महिन्यात, पहिला पाऊस पडायच्या आत, आपल्या विहिरीची एक बाटली प्रयोगशाळेत पोचवा. घरात तान्हे मूल किंवा गरोदर बाई असेल तर मेची वाट पाहू नका, याच आठवड्यात पोचवा.